मेन कॉक आधी बंद, मग कात्री

फुप्फुसातली कॅन्सरची गाठ मोठ्या रक्तवाहिनीला चिकटलीये असं सीटी स्कॅनच्या रिपोर्टात आलं की घरचे समजतात, संपलं, आता ऑपरेशन होणार नाही. बरेचदा तसंच असतं, पण दरवेळी नाही. नुसती टेकलीये की भिंतीत घुसलीये हे स्कॅनवर नेहमी कळत नाही, कधीकधी छाती उघडल्यावरच कळतं.

१९३३ मध्ये अमेरिकेत सेंट लुईसला डॉ. एव्हार्ट्स ग्रॅहम फुप्फुसाचा एक लोब (कप्पा) काढायला बसले आणि गाठ निघाली पार मुळाशी, मग त्यांनी आख्खं डावं फुप्फुसच काढलं. पेशंट स्वतः डॉक्टर होता, पुढे जवळपास ३० वर्षं जगला. (ग्रॅहम मात्र सिगरेटवाले, १९५७ मध्ये ह्याच कॅन्सरने गेले!)

आता दरवेळी एवढं काढावं लागत नाही. पल्मनरी आर्टरी म्हणजे हृदयातून फुप्फुसात रक्त नेणारी मोठी नळी, तिचा गाठ शिरलेला भाग शर्टाच्या बाहीच्या तुकड्यासारखा गोल कापून काढतात आणि दोन टोकं एकमेकांना शिवतात, म्हणून त्याला स्लीव्ह म्हणतात. वाचायला सोपं वाटतं, पण हृदयातून मिनिटाला निघणारं साधारण ५ लिटर रक्त ह्याच नळीच्या फांद्यांतून फुप्फुसात जातं आणि तिची भिंत महाधमनीपेक्षा खूपच पातळ, ओढाताण केली की फाटलीच. त्यामुळे प्लंबरचाच नियम, आधी मेन कॉक. गाठीला हात लावायच्या आधी, गरज पडली तर हृदयाभोवतीची पिशवी उघडून, आर्टरीच्या मुळाशी टेप (फितीचा वेढा) घालून ठेवतात, म्हणजे रक्त सुटलंच तर लगेच क्लॅम्प (नळी बंद करणारा चिमटा) लावता येतो.

डोक्याहातांकडून रक्त परत आणणारी मोठी शीर, सुपीरियर व्हेना कावा, तिचं दुखणं वेगळं. ती दाबली गेली की चेहरा, मान सुजते. आणि ऑपरेशनमध्ये क्लॅम्प लावला की मेंदूकडचं रक्त तुंबतं, म्हणून घड्याळाकडे बघत काम चालतं. थोडीच भिंत गेली असेल तर टाके किंवा पॅच, पूर्ण गेली असेल तर कृत्रिम नळी बसवतात.

पण हे सगळं करायचं कुणावर? छातीच्या मधल्या भागातल्या गाठींमध्ये (लिम्फ नोड) कॅन्सर पोचला असेल तर शीर कितीही सुबक शिवली तरी सहसा फारसा उपयोग होत नाही, म्हणून आधी दुर्बिणीतून सुई घालून तिथले नमुने तपासतात. आणि हल्ली बऱ्याच जणांना आधी केमो, इम्युनोथेरपी (शरीराच्या प्रतिकारशक्तीलाच कॅन्सरशी लढायला लावणारी औषधं) देऊन गाठ आकसते का तेही बघतात.