पासिंग, टनेज आणि एक्सलवरचा भार

‘गाडीची पासिंग, म्हणजे मंजूर वजन, किती?’ या प्रश्नाचं उत्तर वाहतुकीच्या धंद्यात दोन तऱ्हांनी मिळतं. कुणी आरसीवरचं एकूण वजन सांगतो, कुणी त्यात बसणारा माल. जुन्या, म्हणजे २०१८ पूर्वीच्या, हिशेबाने दहा चाकीची पासिंग २५ टन. रिकामी गाडी ९ टनांची असेल, तर माल १६ टनच बसतो. चालक, शेठ आणि माल भरणारा यांच्या डोक्यात वेगवेगळे आकडे असले, की गाडी फाटकातच ओव्हरलोड होते.

कायद्याने मात्र एक्सलचा, म्हणजे चाकं जोडणाऱ्या प्रत्येक आसाचा, भारही वेगळा बांधला आहे. २५ टन म्हणजे पुढे ६ आणि मागच्या जोडएक्सलवर (लागून असलेल्या दोन एक्सलवर मिळून) १९. माल मागे सरकवून रचला तर एकूण वजन बरोबर असूनही मागचे कमानपाटे सपाट होतात, पुढची चाकं हलकी पडतात आणि स्टिअरिंगची पकड सुटते.

१९९० नंतर काही राज्यांनी ठरावीक रक्कम घेऊन जादा माल नेऊ देणारी कार्डं काढली. २००५ मध्ये न्यायालयाने ही पद्धत बेकायदा ठरवली. दंड भरला म्हणून जादा माल पुढे नेता येत नाही, तो उतरवावाच लागतो, हे तेव्हा स्पष्ट झालं.

खरा वाद २०१८ चा. त्या जुलैत चार टायरच्या एक्सलची मर्यादा १०.२ वरून ११.५ टन झाली, जोडएक्सलची १९ वरून २१, आणि ट्रेलर ओढणाऱ्या सर्वांत मोठ्या गाडीची ४९ वरून ५५. गाड्या आता दणकट आहेत, वाहतूक स्वस्त होईल, हे कारण दिलं गेलं. गाड्यांपुरतं ते खरंही आहे. पण रस्ते जुन्या मापाचेच होते. १९५८ ते १९६० या काळात अमेरिकेत झालेल्या चाचण्यांतून निघालेला ठोकताळा सांगतो, की रस्त्याची झीज भाराच्या साधारण चौथ्या घाताने वाढते. म्हणजे एक्सलवर १३ टक्के भार वाढला, की झीज ६० टक्क्यांच्या आसपास वाढते. पूल आणि डांबर यांचा विचार या निर्णयात मागे पडला, असं माझं स्पष्ट मत आहे. जुन्या गाड्यांना ही वाढ लागू की नाही, यावरही बराच गोंधळ झाला.

२०१९ मध्ये दंड २,००० वरून २०,००० रुपयांवर गेला, शिवाय प्रत्येक जादा टनाला २,०००. पण साध्या वजनकाट्यावर अख्खी गाडी एकदम चढते. पावतीवर येतो तो एकूण आकडा. मागचा एक्सल किती दबलाय, ते त्या पावतीवर नसतं.