फॉरमॅट मारला म्हणजे पुसलं गेलं असं नाही

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट बंद झाला आणि तेव्हापासून माझ्या ओळखीतले कॉलेजवाले, लॅब सांभाळणारे, सगळे एकाच विषयावर बोलतायत. विंडोज ११ ला टीपीएम २.० नावाची सुरक्षेची चिप लागते आणि प्रोसेसर इंटेलचा असेल तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा लागतो, म्हणजे २०१७ पर्यंत घेतलेल्या लॅबमधली बहुतेक मशीन्स त्यात बसतच नाहीत. मशीन चालू आहे, स्क्रीन दिसते, सी प्रोग्रामिंगचं प्रॅक्टिकल होतं, पण कागदावर ती 'जुनी' झाली. आता साठ-साठ मशीन्सच्या लॅब निघणार, आणि निघणार म्हणजे नक्की कुठे जाणार?

सरकारी संस्थेत वस्तू सहज फेकता येत नाही हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. प्रत्येक मशीन डेड स्टॉक रजिस्टरला चढलेलं असतं, त्याला नंबर असतो, आणि ते तिथून उतरवायला निर्लेखन करावं लागतं, म्हणजे आपण ज्याला राइट ऑफ म्हणतो ते. आयआयटी, केंद्रीय विद्यापीठं वगैरे ठिकाणी जनरल फायनान्शियल रूल्स २०१७ लागतात. त्यातल्या नियम २१७ आणि २१८ प्रमाणे समिती बसते, वस्तू निरुपयोगी का झाली त्याची कारणं लिहून ठेवते, किंमत ठरवते, आणि ठरलेली किंमत २ लाखांच्या वर गेली तर जाहीर टेंडर नाहीतर लिलाव करावा लागतो, हल्ली तो बऱ्याचदा एमएसटीसी या सरकारी कंपनीच्या पोर्टलवर ऑनलाइन होतो. राज्यातल्या विद्यापीठांचे, कॉलेजांचे आपापले लेखा नियम आहेत पण गाडी त्याच रुळावरून जाते. या सगळ्याला वेळ लागतो आणि सही करायला कोणी पुढे येत नाही, म्हणून प्रत्येक कॉलेजात जिन्याखाली एक कुलूप लावलेली खोली असते, आत सीआरटी मॉनिटर, सीपीयूचे डबे, गुंडाळलेल्या वायरी, वर धूळ.

पण मला आज लिहायचंय ते त्या डब्याच्या आत बसलेल्या हार्डडिस्कबद्दल. कारण समितीच्या यादीत मॉनिटर किती, माऊस किती, सगळं येतं, पण डिस्कवर काय होतं आणि ते कसं पुसलं हा रकाना मी अजून एकाही यादीत बघितलेला नाही. विचारलं तर उत्तर ठरलेलं, "फॉरमॅट मारलाय ना, आता काय राहिलं त्यात?"

बरंच राहतं. मी काही वर्षांपूर्वी भंगाराच्या लॉटमधून पाच-सहा जुन्या डिस्क घेतल्या होत्या, पार्ट शिकवायला उघडून दाखवाव्या म्हणून. एक डिस्क कुठल्यातरी कॉलेजच्या ऑफिसमधली निघाली. विंडोजमध्ये लावली तर पूर्ण रिकामी दिसत होती. रात्री फोटोरेक नावाचा फुकट मिळणारा प्रोग्राम लावून झोपलो, सकाळी बघतो तर प्रवेश अर्जांचे स्कॅन, मुलामुलींचे फोटो, जातीचे दाखले, बँक पासबुकची पहिली पानं. पुढे वाचवेना, ती सगळी काढलेली माहिती तिथल्या तिथे घालवली आणि डिस्कवर शून्यं भरायला लावली. मला त्यातलं एकही पोर माहीत नाही पण त्यांच्या घरचा पत्ता माझ्या टेबलावर होता, हे अजून आठवलं की कसंतरी होतं.

हा काही आपल्याकडचाच प्रकार नाही. अमेरिकेत एमआयटीमधल्या सिम्सन गार्फिंकल आणि अभि शेलट या दोघांनी २००० ते २००२ या काळात सेकंडहँड बाजारातून १५८ हार्डडिस्क विकत घेतल्या, त्यातल्या १२९ चालू निघाल्या, आणि नीट पुसलेल्या किती, तर फक्त १२. बाकीच्यांवर लोकांची पत्रं, वैद्यकीय माहिती, हजारोंनी क्रेडिट कार्ड नंबर, एक डिस्क तर चक्क एटीएममधली. २००३ च्या सुरुवातीला हे छापून आलं. तिकडच्या बऱ्याच विद्यापीठांची स्वतःची सरप्लस दुकानं असतात, विस्कॉन्सिन-मॅडिसनचं आहे, पेन स्टेटचं आहे, पर्ड्यूचं आहे, आपल्याकडून शिकायला गेलेली मुलं टेबल-खुर्ची-मॉनिटर तिथूनच उचलतात. आता तिथे डिस्क पुसल्याशिवाय किंवा काढून घेतल्याशिवाय मशीन विकायला ठेवत नाहीत.

आता हे असं का होतं ते बघू, इथे जरा वेळ काढून वाचा कारण सगळी गंमत इथेच आहे.

सातबारा डोळ्यासमोर आणा. तलाठ्याकडच्या कागदावर गट नंबर, मालकाचं नाव, पीक कोणतं हे लिहिलेलं असतं. शेत वेगळं, कागद वेगळा. डिस्कवरही तसंच असतं. विंडोजच्या एनटीएफएस पद्धतीत एमएफटी नावाचं एक मोठं रजिस्टर असतं, कोणती फाइल डिस्कच्या कुठल्या तुकड्यांवर आहे ते त्यात लिहिलेलं असतं. तुम्ही फाइल डिलीट केली (रिसायकल बिनमधूनसुद्धा) की त्या नोंदीवर 'ही आता वापरात नाही' अशी खूण होते आणि ते तुकडे मोकळे म्हणून मांडले जातात. बस, एवढंच. शेतात ज्वारी तशीच उभी. क्विक फॉरमॅट म्हणजे नवीन कोरं रजिस्टर आणून ठेवणं, ज्वारीला तेव्हाही कोणी हात लावत नाही. आणि फुल फॉरमॅटला दोन तास लागतात म्हणून लोकांना वाटतं की त्यात सगळं पुसलं जात असणार, तर विंडोज एक्सपीमध्ये त्या दोन तासांत ते फक्त खराब जागा शोधत बसायचं, वाचून बघायचं, पुसायचं काही नाही. व्हिस्टापासून पुढे फुल फॉरमॅट खरोखर शून्यं लिहायला लागला. म्हणजे एक्सपीच्या काळात इमानदारीने फुल फॉरमॅट मारून भंगारात दिलेल्या डिस्कसुद्धा भरलेल्याच गेल्या.

रजिस्टर नसताना फाइल सापडते कशी? प्रत्येक प्रकारच्या फाइलचा चेहरा ठरलेला असतो. जेपीईजी फोटोचे पहिले आकडे ठरलेले, पीडीएफची सुरुवात '%PDF' याच अक्षरांनी होते. फोटोरेकसारखा प्रोग्राम रजिस्टरकडे बघतच नाही, डिस्कच्या पहिल्या टोकापासून शेवटच्या टोकापर्यंत चालत जातो आणि चेहरा दिसला की तिथून पुढचं उचलतो.

मग पुसायचं म्हणजे काय करायचं, तर ज्वारी कापून त्या जागी दुसरं काहीतरी पेरायचं. डिस्कच्या आत ॲल्युमिनियमची किंवा काचेची गुळगुळीत चकती असते, तिच्यावर कोबाल्टच्या मिश्रधातूचा काही नॅनोमीटर जाडीचा थर, आणि त्या थरात चुंबकीय कण. एक बिट म्हणजे अशा मूठभर कणांची एका दिशेला झालेली मांडणी. हेड, म्हणजे लिहिणारं-वाचणारं टोक, वरून जाताना जोरदार चुंबकीय क्षेत्र देतं आणि कण फिरतात. एकदा फिरले की आधी कुठे तोंड होतं हे त्यांच्यात उरतं का, हा खरा प्रश्न, आणि यावरून फार मोठी समजूत पसरलेली आहे.

१९९६ मध्ये पीटर गुटमन या संगणक-सुरक्षेच्या अभ्यासकांनी एक पेपर लिहिला. तेव्हाच्या आणि त्याच्याही आधीच्या डिस्कवर ट्रॅक, म्हणजे चकतीवरच्या लिखाणाच्या गोल वाटा, रुंद असायचे, हेड दरवेळी एक्झॅक्ट त्याच रेषेवरून जायचं नाही, त्यामुळे नव्या लिखाणाच्या कडेला जुन्याची पुसट किनार राहू शकते आणि चुंबकीय बल मोजणाऱ्या सूक्ष्मदर्शकातून ती दिसू शकते, असा त्यांचा मुद्दा. त्यावर उपाय म्हणून त्यांनी ३५ वेळा वेगवेगळे पॅटर्न लिहायची यादी दिली. ती यादी ३५ ची का? कारण त्या काळापर्यंतच्या डिस्कमध्ये बिट साठवायच्या वेगवेगळ्या सांकेतिक पद्धती होत्या, प्रत्येकीसाठी थोडे पॅटर्न असं करत ती ३५ वर गेली. तुमच्या हातातल्या एका डिस्कला त्यातले बरेचसे लागूच पडत नाहीत. पण लोकांनी काय केलं, ३५ हा आकडाच धरून ठेवला. पुढे खुद्द गुटमन यांनीच पेपरला पुरवणी जोडून लिहिलं की लोक हे भूत उतरवायच्या मंत्रासारखं वापरायला लागलेत, तांत्रिक विचार कोणी करत नाही. मला हे फार महत्त्वाचं वाटतं, कारण अंधश्रद्धा फक्त लिंबू-मिरचीत नसते, सॉफ्टवेअरच्या मेनूतही असते.

९६ साली चौरस इंचात साधारण १ गिगाबिट मावायचे, आज १००० च्या घरात मावतात. ट्रॅक एवढे अरुंद झालेत की कडेला किनार उरायला जागाच नाही. शिवाय हल्लीची डिस्क बिट थेट वाचतही नाही, हेडकडून येणारा सिग्नल एवढा अंधुक आणि शेजारच्या बिट्समध्ये मिसळलेला असतो की आतली चिप 'हा सिग्नल यायला सगळ्यात जास्त शक्यता कोणत्या बिटमालिकेची' असं गणित करून ठरवते, पीआरएमएल म्हणतात त्याला. म्हणजे आत्ता लिहिलेलं वाचायलाच संभाव्यता लावावी लागते, मग त्याच्या खालचं वर्षापूर्वीचं कोण वाचणार? अमेरिकेच्या निस्ट या मानकं ठरवणाऱ्या सरकारी संस्थेनं २००६ सालच्या मार्गदर्शिकेत सांगून टाकलं की २००१ नंतरच्या डिस्कला एकदा पूर्ण लिहिणं पुरे. ५०० जीबीची डिस्क सेकंदाला १०० एमबीने लिहिली तर दीड तासाच्या आत होते. तेच ३५ वेळा करायचं तर दोन दिवस. साठ मशीन्सच्या लॅबला कोण दोन-दोन दिवस देणार, मग कोणीच काही करत नाही. हे त्या मंत्राचं खरं नुकसान आहे.

स्पीकरचं चुंबक डिस्कवर फिरवणारेही भेटतात. डिस्क उघडून बघा, हेड हलवायला आतच निओडायमियमची दोन ताकदवान चुंबकं बसवलेली असतात, चकतीपासून काही सेंटीमीटरवर, आणि डेटा वर्षानुवर्षं सुखरूप राहतो. चुंबकानेच पुसायचं तर डिगॉसर नावाचं खास मशीन लागतं, पण त्यात कारखान्यात लिहिलेल्या, हेडला वाट दाखवणाऱ्या सर्वो खुणाही जातात आणि डिस्क कायमची मरते. हातोड्याचंही तेच. चांगली डिस्क मारायची आणि मग डिस्क नाही म्हणून मशीनही भंगारात, ज्या मशीनवर लिनक्स टाकून एखाद्या गावच्या शाळेची पाच वर्षं निघाली असती.

हे सगळं झालं फिरत्या डिस्कचं. एसएसडी, म्हणजे चकतीऐवजी फ्लॅश मेमरीच्या चिप असलेली डिस्क, आली की वरचं शहाणपण उपयोगाचं नाही. फ्लॅश मेमरीत इलेक्ट्रॉन एका इन्सुलेटरच्या थराआड कोंडून ठेवलेले असतात. लिहिताना छोटं पान लिहिता येतं, काही केबीचं, पण पुसताना शेकडो पानांचा अख्खा ब्लॉकच पुसावा लागतो, आणि दरवेळी थर थोडा झिजतो. म्हणून आतला कंट्रोलर एक युक्ती करतो. तुम्ही म्हणालात 'पान ५ वर शून्य लिही', तर तो पान ५ ला हातच लावत नाही, शून्य दुसऱ्याच मोकळ्या पानावर लिहितो, आपल्या नकाशात त्यालाच आता पान ५ म्हणतो, आणि जुनं पान शिळं म्हणून बाजूला ठेवतो, सवडीने पुसायला. झीज सगळीकडे सारखी व्हावी म्हणून हे. त्यात डब्यावर लिहिलेल्या क्षमतेपेक्षा आत जास्त फ्लॅश असते, सॅन दिएगोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठानं २०११ मध्ये तपासलेल्या ड्राइव्हमध्ये ती ६ ते २५ टक्के जास्त निघाली. त्या जागेपर्यंत तुमचा प्रोग्राम पोचतच नाही. त्याच तपासात एकेक फाइल पुसायच्या पद्धतींनंतरही बराच डेटा मागे राहिला, एका ड्राइव्हने तर 'पुसलं' असं उत्तर देऊन काहीच पुसलं नव्हतं. आणि डिगॉसरचा फ्लॅशवर शून्य परिणाम, चुंबकाचा संबंधच नाही तिथे.

मग यावर उपाय काय, तर पुसायची वेळ येण्याआधीच डेटा कुलूपबंद ठेवायचा. मशीन नवीन आलं त्याच दिवशी विंडोजचं बिटलॉकर किंवा लिनक्सचं लक्स चालू करायचं. डिस्कवर जे जाईल ते एईएस नावाच्या सांकेतिक पद्धतीने गुंफून जातं, किल्ली २५६ बिटची ठेवली तर शक्य किल्ल्यांची संख्या ७८ आकडी. निर्लेखनाच्या दिवशी फक्त किल्ली नष्ट करायची, किल्लीच्या आणखी प्रती कुठे ठेवल्या असतील तर त्याही, मग शिळी पानं राहिली तरी तो नुसता गोंगाट. जिथे आधी हे केलेलं नाही तिथे ड्राइव्हची स्वतःची सिक्युअर इरेज किंवा सॅनिटाइझ कमांड द्यायची आणि नंतर मधले-मधले तुकडे वाचून बघायचे, खरंच गेलं का ते. फिरत्या डिस्कला विंडोजच्या डिस्कपार्टमधली क्लीन ऑल कमांड किंवा एनवाइप हा पुसायचा प्रोग्राम एकदा चालवला की पुरतं, फक्त खराब म्हणून बाजूला काढलेल्या जागा त्यातून सुटतात, तिथेही सिक्युअर इरेज बरी. आणि झेरॉक्स मशीन विसरू नका, ऑफिसातल्या मोठ्या डिजिटल कॉपियरमध्ये बऱ्याचदा हार्डडिस्क असते, आणि कॉलेजात त्यावर काय छापलं जातं ते सांगायला नको.

पुसून झालं की मग वजनावर भंगारवाल्याला देऊन टाकणंही बरोबर नाही. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांप्रमाणे वर्षात कधीही १००० किंवा जास्त उपकरणं वापरणारी संस्था 'बल्क कन्झ्युमर' होते, मोठं विद्यापीठ त्यात सहज बसतं, आणि तिने ई-कचरा फक्त नोंदणीकृत उत्पादक, रिफर्बिशर (दुरुस्त करून पुन्हा वापरात आणणारा) किंवा रिसायकलरलाच द्यायचा असतो. जुन्या सीआरटीच्या काचेत किलोच्या हिशोबात शिसं असतं, बोर्डावरचं सोनं काढायला गल्लीत ॲसिडच्या बादल्या लागतात आणि ते काम कोणाचे हात करतात ते आपण बघितलेलं आहे. डेटाच्या बाजूने २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आहे, सुरक्षेत हयगय झाली तर दंडाची मर्यादा २५० कोटींपर्यंत.

माझी निर्लेखन समित्यांवर बसणाऱ्या सगळ्या सर-मॅडमना एक विनंती आहे. यादीच्या छापील तक्त्यात अनुक्रमांक, वस्तूचं नाव, खरेदी दिनांक, खरेदी किंमत एवढं असतं, त्यापुढे पेनाने चार रकाने आखा: डिस्कचा सीरियल नंबर, फिरती की एसएसडी, कशाने पुसली, कोणी वाचून तपासलं. शेवटच्या रकान्यात सही पुसणाऱ्याची नको, दुसऱ्या माणसाची घ्या.