सेल्फ जड की कार्बोरेटर कोरडा?

महिना-दीड महिना एका जागी उभी राहिलेली कार्बोरेटरची जुनी गाडी, मग ती प्रीमियर पद्मिनी असो वा इंजेक्शन येण्यापूर्वीची मारुती ८००, सुरू झाली नाही की मालक पहिला दोष बॅटरीला देतो. पुष्कळदा तो खराही असतो; परंतु फ्लोट चेंबरमधले, म्हणजे कार्बोरेटरमधल्या पेट्रोलच्या छोट्या साठ्यातले, पेट्रोल उडून गेले असले तरी गाडी तितकीच हट्टाने बंद राहते, आणि हे दोन दोष ओळखण्याची सर्वांत चांगली संधी पहिल्यांदा सेल्फ मारतानाच्या चार-पाच सेकंदांत मिळते.

बॅटरी उतरली असेल तर सेल्फ जड फिरतो, रेंगाळतो किंवा नुसता ‘टक’ असा आवाज येतो, आणि हेडलाइट लावलेले असल्यास ते त्याच क्षणी मंदावतात. पेट्रोल पोचत नसेल तर सेल्फ नेहमीच्या वेगाने खणखणीत फिरतो, पण इंजिन पकडत नाही. मल्टिमीटर जवळ असेल तर अंदाजावर विसंबण्याचे कारण नाही: रात्रभर स्वस्थ राहिलेली, पूर्ण चार्ज बॅटरी सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते, १२.२ च्या आसपास ती निम्मी झालेली असते, आणि सेल्फ फिरत असताना आकडा साधारण ९.६ च्या खाली जाऊ नये. मात्र त्याआधी टर्मिनल पाहावेत. त्यांवर पांढरी-हिरवी बुरशी धरली असेल, तर चांगली बॅटरीही उतरल्यासारखी वागते.

पेट्रोलची परीक्षा याहून सोपी आहे. इंजिन बंद ठेवून एअर फिल्टरचे झाकण काढावे, कार्बोरेटरच्या तोंडात टॉर्च टाकावा आणि दुसऱ्याला अॅक्सिलरेटर एकदा दाबायला सांगावे. आत पेट्रोलची बारीक धार दिसली तर चेंबर भरलेला आहे. काहीच दिसले नाही तर तो बहुधा कोरडा आहे. (उघड्या पेट्रोलजवळ विडी-सिगारेट नको, हे खरे तर सांगायला लागू नये.) चेंबर हवेला मोकळा असल्यामुळे त्यातले पेट्रोल हळूहळू उडते, आणि टाकीतून पेट्रोल खेचणारा पंप, मेकॅनिक ज्याला एसी पंप म्हणतात तो, इंजिनच्या फिरण्यावरच चालत असल्याने चेंबर पुन्हा भरायला सेल्फ बराच वेळ फिरवावा लागतो.

खरा घोटाळा इथेच होतो. कोरड्या कार्बोरेटरसाठी सलग सेल्फ मारत राहिले की धडधाकट बॅटरीही उतरते आणि एका दुखण्याची दोन होतात, म्हणून एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त सेल्फ मारू नये व मध्ये अर्धा मिनिट थांबावे. धक्क्याने गाडी सुरू झाली म्हणजे बॅटरीच दोषी, हा निष्कर्षही घाईचा आहे, कारण ढकलताना इंजिन फिरते आणि पंप चेंबर भरून घेतो. दुसऱ्या बॅटरीची केबल जोडल्यावर मात्र फरक कळतो: गाडी लगेच पकडली तर दोष विजेचा, बराच वेळ वेगाने फिरून मग पकडली तर पेट्रोलचा.

महिनाभराने चेंबर कोरडा पडणे हा दोष मानू नये. तोच प्रकार एका रात्रीत होत असेल तर मात्र पेट्रोल कुठेतरी गळत असण्याची शक्यता मोठी आहे. तसेच पूर्ण चार्ज केलेली बॅटरी दोन दिवसांत उतरत असेल, तर नवी घेण्यापूर्वी गाडी बंद असताना वीज कुठे जाते आहे हे इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्यावे. डिकीतला बंद न होणारा दिवाही त्याला पुरेसा असतो.