घरपट्टी घराची की मुक्कामाची?

समजा, पुण्याहून कॅलिफोर्नियात गेलेल्या एका दांपत्याने २०२४ साली फ्रिमाँटमध्ये १५ लाख डॉलरला घर घेतले. पहिल्या वर्षाची घरपट्टी हातात पडली तेव्हा मूळ कराचा आकडा होता १५ हजार डॉलर. शेजारचे घर तेवढेच, त्यांच्या घराबरोबरच बांधलेले, अंगणातले लिंबाचे झाडसुद्धा सारखेच. तिथल्या घरांची करनोंद कोणालाही पाहता येते, म्हणून त्यांनी सहज शेजारचा आकडा काढून पाहिला, तर तो दीड हजाराच्या आसपास निघाला. शेजारच्या आजोबांनी ते घर १९७६ साली ६० हजार डॉलरला घेतले होते आणि तेव्हापासून ते तिथेच राहत आहेत, एवढाच काय तो फरक. कचरागाडी दोघांच्या दारात एकाच दिवशी येते आणि अग्निशमन दलाचा बंबही एकाच ठाण्यातून निघतो, पण त्यासाठी एक जण दुसऱ्याच्या दहापट पैसे भरतो.

हे कारकुनी चुकीने झालेले नाही. ६ जून १९७८ रोजी कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी सुमारे ६५ टक्के मतांनी जो तेरावा प्रस्ताव, म्हणजे तिथल्या बोलीत 'प्रॉप थर्टीन', मंजूर केला, त्याचा हा सरळ हिशेब आहे. त्या प्रस्तावाने घरपट्टीचा मूळ दर मालमत्तेच्या करमूल्याच्या, म्हणजे कर आकारण्यासाठी धरलेल्या किमतीच्या, १ टक्क्यावर बांधून टाकला, करमूल्य १९७५ सालच्या पातळीवर मागे नेले आणि पुढे ते वर्षाला २ टक्के किंवा महागाईचा दर, यांपैकी जे कमी असेल तेवढेच वाढेल, असे ठरवले. मालमत्ता विकली गेली की मात्र करमूल्य त्या दिवशीच्या बाजारभावाला येते आणि मोजणी पुन्हा नव्याने सुरू होते.

आपल्याकडे नसलेली एक सोय इथे समजून घ्यावी लागते. कॅलिफोर्नियात १९११ पासून नागरिकांना स्वतः कायद्याचा मसुदा लिहून, पुरेशा सह्या गोळा करून तो थेट मतपत्रिकेवर आणता येतो. रेल्वे कंपनीच्या खिशात गेलेल्या विधिमंडळाला वळसा घालता यावा, हा गव्हर्नर हायरम जॉन्सन आणि त्यांच्या सुधारणावादी सहकाऱ्यांचा त्यामागचा हेतू होता. आज साध्या कायद्यासाठी गव्हर्नरपदाच्या मागील निवडणुकीत पडलेल्या एकूण मतांच्या ५ टक्के आणि राज्याच्या घटनेत बदल करण्यासाठी ८ टक्के सह्या लागतात. तेरावा प्रस्ताव घटनादुरुस्तीचा होता. हॉवर्ड जार्व्हिस आणि पॉल गॅन या करविरोधी मोहीम चालवणाऱ्या दोघांनी त्यासाठी १२ लाखांहून अधिक सह्या जमवल्या, म्हणजे गरजेच्या दुपटीहून जास्त.

एवढा राग आला कुठून, हा या प्रकरणातला सर्वांत रंजक प्रश्न आहे, कारण त्याचे मूळ एका प्रामाणिक सुधारणेत सापडते. साठच्या दशकाच्या मध्यापर्यंत तिथले करमूल्य ठरवणारे अधिकारी निवडून येत असत (आजही येतात) आणि कायद्याने सर्व मालमत्तांना एकच माप लावायचे असले तरी प्रत्यक्षात घरांना माप सैल लावले जाई. राहत्या घराचा मालक हा मतदार असतो, त्याला कोण दुखावणार? व्यापारी मालमत्तांचे करमूल्य त्या मानाने चढे असे, आणि ज्यांना ते उतरवून हवे असे त्यांच्यासाठी काही ठिकाणी मागचे दार उघडे होते. १९६५ साली सॅन फ्रान्सिस्कोत हा लाचखोरीचा प्रकार उघडकीस आला आणि तिथले करमूल्य अधिकारी रसेल वोल्डन यांना पुढे शिक्षा झाली. विधिमंडळाने १९६६ मध्ये कायदा करून फर्मावले की, ठरावीक मुदतीत प्रत्येक मालमत्तेचे करमूल्य बाजारभावाच्या सरसकट २५ टक्के असलेच पाहिजे. संगणक तेव्हा नुकते सरकारी कचेऱ्यांत येत होते. मग विकल्या गेलेल्या घरांच्या किमती, क्षेत्रफळ, खोल्या आणि वस्ती यांवरून न विकल्या गेलेल्या हजारो घरांचा भाव काढण्याच्या संख्याशास्त्रीय रीती वापरात आल्या. लाच बंद झाली, आणि तिच्याबरोबर घरमालकांना वर्षानुवर्षे मिळत आलेली अलिखित सवलतही संपली.

त्यानंतर सत्तरच्या दशकात घरांच्या किमती भडकल्या. जुने अधिकारी असते तर त्यांनी ही वाढ कागदावर हळूहळू, सोसेल अशी उतरवली असती, पण नवी यंत्रणा बाजार दाखवील ते जसेच्या तसे मांडत होती. पगार तेवढाच, घर विकायचे नाही, तरीही कर दुप्पट! निवृत्तिवेतनावर जगणाऱ्यांसाठी हे संकट खरेच होते. कारण घराची किंमत वाढली म्हणून खिशात रोकड येत नाही, कर मात्र रोकडीतच भरावा लागतो. लॉस एंजेलिस परगण्याचे नवे वाढीव करमूल्य तर १९७८ च्या मे महिन्यात, मतदानाला काही आठवडे उरले असताना जाहीर झाले. त्याच वेळी राज्याच्या तिजोरीत अब्जावधी डॉलरची शिल्लक पडून होती, हेही लोकांना ठाऊक होते. विधिमंडळाने घाईने आठव्या क्रमांकाचा सौम्य पर्याय त्याच मतपत्रिकेवर ठेवला, पण तो पडला.

काही अर्थतज्ज्ञ या उद्रेकाचे कारण वेगळे सांगतात. शाळांना मिळणारा पैसा वस्तीच्या श्रीमंतीवर अवलंबून असू नये, असे निर्णय राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७१ आणि १९७६ मध्ये दिले होते. त्यामुळे 'आपली घरपट्टी, आपली शाळा' हा धागा तुटला आणि लोकांना कर भरण्यात रस उरला नाही, असा त्यांचा युक्तिवाद आहे. मला करमूल्याच्या सुधारणेचे कारण अधिक पटते, कारण त्याची झळ प्रत्येक दारापर्यंत पोहोचली होती.

आता त्या २ टक्क्यांकडे वळू. मतदारांनी त्याकडे दिलासा म्हणून पाहिले आणि पहिल्या दोन-तीन वर्षांत तो दिलासाच होता. परंतु ही चक्रवाढ आहे, आणि दोन वेगळ्या दरांच्या चक्रवाढी शेजारी ठेवल्या की त्यांच्यातले अंतर आपल्या अंदाजापेक्षा फार लवकर वाढते. एखादी रक्कम किती वर्षांत दुप्पट होईल हे काढण्याचा ढोबळ नियम असा, की ७० ला वाढीच्या दराने भागावे. २ टक्क्यांनी वाढणारे करमूल्य ३५ वर्षांत दुप्पट होते. बाजारभाव वर्षाला ७ टक्क्यांनी वाढला, तर तो १० वर्षांतच दुप्पट होतो आणि त्या ३५ वर्षांत जवळपास ११ पट. म्हणजे ३५ वर्षे एकाच घरात राहिलेला माणूस नव्या खरेदीदाराच्या पाचव्या हिश्श्याहूनही कमी कर भरतो. फ्रिमाँटच्या आजोबांचे ६० हजार ४८ वर्षांत २ टक्क्यांच्या चक्रवाढीने जास्तीत जास्त १ लाख ५५ हजारांवर पोहोचतात आणि त्यावर १ टक्का म्हणजे साधारण १,५५० डॉलर होतात. घराच्या आजच्या किमतीच्या तुलनेत हा दर जेमतेम ०.१ टक्का पडतो. नावाला ही घरपट्टी आहे, पण प्रत्यक्षात ती मोजते ते तुम्ही त्या घरात किती वर्षे टिकून आहात.

हे समतेच्या तत्त्वात बसते का, हा प्रश्न १९९२ साली नॉर्डलिंगर विरुद्ध हान या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापुढे आला. अर्जदार महिलेने लॉस एंजेलिसच्या बाल्डविन हिल्स भागात १९८८ मध्ये १ लाख ७० हजार डॉलरला साधे घर घेतले होते आणि तिला सुमारे १,७०० डॉलर कर आला. जवळच्या तशाच घराच्या जुन्या मालकाला ३५८ डॉलर होते. मालिबूच्या समुद्रकिनारी २१ लाख डॉलरच्या घराचा जुना मालकही जवळपास तिच्याएवढाच कर भरत होता. न्यायालयाने ८ विरुद्ध १ मतांनी प्रस्तावाच्या बाजूने निकाल दिला. नवा खरेदीदार कर किती येणार हे ठाऊक असताना घर घेतो, जुन्या मालकाला मात्र ती निवड उरलेली नसते, तेव्हा दोघांत फरक करणे तर्काला सोडून नाही, असे बहुमताचे म्हणणे होते. तर्क म्हणून ते टिकते, पण १९७५ साली ज्यांचा जन्मही झाला नव्हता त्यांनी ही निवड कधी केली, हे मला अजून उमगलेले नाही.

करामुळे वागणूक कशी बदलते हे पाहणाऱ्या संशोधकांसाठी कॅलिफोर्निया ही आयती प्रयोगशाळा ठरली. जुने घर विकले की वर्षानुवर्षे साठलेली सवलत बहुतेकांच्या बाबतीत तिथेच सुटते, म्हणून माणसे हलत नाहीत. मुले दूर गेली, जिने चढवत नाहीत, नोकरी तासाभराच्या अंतरावर गेली, तरी घर सोडवत नाही. इतर राज्यांशी तुलना करणाऱ्या अभ्यासांत घरमालकांचा मुक्काम लांबल्याचे दिसले आहे, आणि किमती फारशा न वाढलेल्या अंतर्भागापेक्षा महागड्या किनारपट्टीवर हा परिणाम कितीतरी ठळक आहे. जिथे सवलत मोठी तिथे खुंटा घट्ट. त्यामुळे विक्रीला येणारी घरे कमी होतात, आणि मग नव्या पिढीला अधिक दूर, अधिक महाग घर घ्यावे लागते.

नगरपालिकांच्या बाजूने पाहिले तर गणित आणखी बिघडते. मतदानानंतरच्या वर्षात घरपट्टीचे उत्पन्न सुमारे ६० टक्क्यांनी घसरले. राज्याने शिलकीतून मदत केली, पण पैशाबरोबर निर्णयही राज्याच्या राजधानीत, सॅक्रामेंटोला गेले. शहरांना घरपट्टीतून फारसे मिळेना, विक्रीकराचा वाटा मात्र मिळत होता, तेव्हा मोकळ्या जागेवर घरे बांधू देण्यापेक्षा मोठे दुकान किंवा मोटारींचे विक्रीकेंद्र आलेले त्यांना परवडू लागले. नव्या वसाहतींतल्या रस्त्यांचा, शाळांचा खर्च तिथल्याच रहिवाशांवर टाकणारा मेलो-रूस नावाचा विशेष कर १९८२ पासून सुरू झाला. सॅन फ्रान्सिस्कोभोवतालच्या बे एरियात नवे घर घेणाऱ्या मराठी कुटुंबांना तो शब्द करबिलावर पहिल्यांदा भेटतो. राज्याची भिस्त वाढत गेली ती श्रीमंतांच्या आयकरावर, आणि शेअरबाजार पडला की ते उत्पन्नही कोसळते. त्याच प्रस्तावात आणखी एक अट होती: राज्याचा कोणताही कर वाढवायचा तर विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांत दोन तृतीयांश मते हवीत. घरपट्टीच्या गदारोळात तिच्याकडे फारसे कोणाचे लक्ष नव्हते. माझ्या मते दूरचा परिणाम पाहिला तर तीच अधिक वजनदार ठरली.

मुंबईकरांना ही कथा पूर्ण परकी वाटू नये. मुंबईची घरपट्टी पूर्वी मिळू शकणाऱ्या भाड्यावर ठरत असे, आणि भाडे नियंत्रण कायद्याने जुन्या इमारतींची भाडी १९४० च्या पातळीवर गोठवली होती. साहजिकच दक्षिण मुंबईतल्या जुन्या प्रशस्त सदनिकेला उपनगरातल्या नव्या छोट्या घरापेक्षा कमी कर येई. महापालिकेने २०१० पासून भांडवली मूल्यावर कर बसवायला सुरुवात केली. हा बदल विधिमंडळ आणि महापालिका यांच्या पातळीवर झाला, त्यासाठी सार्वमत घ्यावे लागले नाही.

कॅलिफोर्नियात मात्र घटनेतला शब्द बदलायचा तर पुन्हा मतदारांकडेच जावे लागते. २०२० च्या नोव्हेंबरमध्ये पंधरावा प्रस्ताव आला. मोठ्या व्यापारी आणि औद्योगिक मालमत्तांना बाजारभावाने कर लावावा आणि राहत्या घरांना हात लावू नये, एवढीच त्याची मागणी होती. साधारण ५२ विरुद्ध ४८ टक्क्यांनी तो पडला. त्याच मतपत्रिकेवरचा एकोणिसावा प्रस्ताव निसटत्या बहुमताने पार झाला आणि आईवडिलांचे जुने करमूल्य वारसाहक्काने मिळवायचे तर त्या घरात स्वतः राहावे लागेल, अशी अट आली. भाड्याने दिलेल्या घरांची ती सोय संपली, पण आयुष्यभर एकाच घरात राहणाऱ्याच्या सवलतीला धक्का लागला नाही.

तो लागणे अवघडच आहे, कारण या योजनेत तोट्यात असलेला माणूस फार काळ तोट्यात राहत नाही. फ्रिमाँटचे ते दांपत्य पहिल्या वर्षी १० डिसेंबर आणि १० एप्रिल या हप्त्यांच्या अखेरच्या तारखांना चरफडते. पण बाजार चढता राहिला तर पाचव्या वर्षी त्यांचे करमूल्य बाजारभावाच्या खाली गेलेले असते, आणि दहाव्या वर्षी पलीकडे राहायला आलेले नवे कुटुंब त्यांचा आकडा काढून पाहत असते.