रेड्डी, जी. राम

(४ डिसेंबर १९२९ – २ जुलै १९९५). भारतातील मुक्त विद्यापीठांच्या कारभाराची घडी बसविणारे शिक्षणप्रशासक व लोकप्रशासनाचे अभ्यासक. हैदराबादचे आंध्र प्रदेश मुक्त विद्यापीठ (आता डॉ. बी. आर. आंबेडकर मुक्त विद्यापीठ) आणि दिल्लीचे इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ (इग्नू) या दोन्ही संस्थांचे ते पहिले कुलगुरू.

त्यांचा जन्म करीमनगर जिल्ह्यातला. उस्मानिया विद्यापीठात ते लोकप्रशासनाचे प्राध्यापक होते आणि १९७७ ते १९८२ या काळात तेथेच कुलगुरू झाले. त्यांचे संशोधन मुख्यतः पंचायत राज्यावर आहे. निर्णय एका ठिकाणी होतो, पण त्याची खरी परीक्षा गावपातळीवर होते, हा त्या अभ्यासाचा गाभा. दूरशिक्षणातही नेमका हाच प्रश्न येतो, त्यामुळे त्यांची ही पार्श्वभूमी योगायोग म्हणून सोडून देता येत नाही.

दिल्ली विद्यापीठाने १९६२ मध्ये पत्राद्वारे अभ्यासक्रम सुरू केले व इतर विद्यापीठांनी तो कित्ता गिरवला. पण पत्रद्वारा विभाग हा मूळ विद्यापीठाचे एक उपांगच राहिला. अभ्यासक्रम तोच, परीक्षा तीच, टिपणे तेवढी टपालाने. आणि जमा झालेले शुल्क बहुधा इतरत्र खर्ची पडे. दूरस्थ विद्यार्थ्यासाठी स्वतंत्र कायद्याने, स्वतंत्र विद्यापीठच हवे, ही भूमिका ऑगस्ट १९८२ मध्ये आंध्र प्रदेश मुक्त विद्यापीठाच्या रूपाने प्रत्यक्षात आली. बारावी न झालेल्यांना प्रवेश परीक्षेद्वारे पदवीची वाट मोकळी झाली. पाठ तेलुगूत लिहिले गेले आणि चालू महाविद्यालयांच्या इमारतींत अभ्यासकेंद्रे उघडली.

संसदेच्या कायद्याने सप्टेंबर १९८५ मध्ये इग्नू स्थापन झाले. पहिले विद्यार्थी मात्र १९८७ मध्ये आले. त्या वर्षी व्यवस्थापन आणि दूरशिक्षण अशा दोनच विषयांत पदविका होत्या व विद्यार्थी ४,५२८. दूरशिक्षणाची पदविका आरंभीच घेणे हा दूरदृष्टीचा निर्णय होता, कारण हे काम जाणणारी माणसे देशात तयारच नव्हती.

इग्नूत रुळलेल्या पद्धतीत एक श्रेयांक (क्रेडिट) म्हणजे विद्यार्थ्याचे अभ्यासाचे ३० तास. त्यात वाचन, स्वाध्याय (घरी लिहून तपासायला द्यायची उत्तरे), ध्वनिफिती, संपर्कसत्रे (अभ्यासकेंद्रातील प्रत्यक्ष भेटी) असे सगळे धरलेले असते. चार श्रेयांकांच्या अभ्यासक्रमाला १२० तास लागतात, म्हणून पुस्तिका किती जाड करायची हे विषयतज्ज्ञाच्या उत्साहावर सोडता येत नाही. आधी तज्ज्ञसमिती आराखडा ठरवते, मग घटक वेगवेगळ्या लेखकांना वाटले जातात. त्यानंतर आशय-संपादक चुका काढतो, रचना-संपादक उद्दिष्टे, मधले स्वयंतपासणीचे प्रश्न व शेवटी त्यांची उत्तरे बसवतो, भाषा-संपादक वाक्ये सोपी करतो आणि मग मजकूर छपाईला जातो. अडचण बहुतेक वेळा दुसऱ्या, म्हणजे लेखनाच्या पायरीवर येते. नामवंत प्राध्यापक आपल्या सहकाऱ्यांसाठी लिहितात. एकट्याने, रात्री, कामावरून आल्यावर वाचणारा माणूस त्यांच्या डोळ्यांसमोर नसतो. अशा घटकाला वरून प्रश्न चिकटवून तो स्वयंअध्ययनाचा होत नाही, पुन्हाच लिहावा लागतो. एका लेखकाचा घटक रखडला की संपूर्ण खंड अडतो, छपाई मागे पडते आणि स्वाध्यायाची मुदत उलटून गेल्यावर पुस्तके हातात पडतात.

स्वाध्याय हा या व्यवस्थेतला सर्वांत मोलाचा आणि सर्वांत जास्त दुर्लक्षिला जाणारा भाग आहे. अनेक अभ्यासक्रमांत त्याला ३० टक्के आणि सत्रान्त परीक्षेला ७० टक्के भारांश असतो. पण त्याचे खरे काम गुण देण्याचे नाही. समंत्रकाने (अभ्यासकेंद्रातील मार्गदर्शक शिक्षकाने) समासात लिहिलेला शेरा हीच कित्येक विद्यार्थ्यांची शिक्षकाशी होणारी एकमेव भेट असते. नुसता आकडा टाकून वही ठेवून दिली, तर शिकवणे तिथेच थांबते. गुणांची यादी केंद्रावरून मुख्यालयात पोहोचली नाही, तर परीक्षा उत्तीर्ण होऊनही निकाल अपूर्ण दिसतो.

अभ्यासकेंद्राचा संयोजक बहुधा यजमान महाविद्यालयातलाच प्राध्यापक असतो. तो मानधनावर, आपले नेहमीचे काम सांभाळून केंद्र चालवतो. सत्रे साधारणपणे शनिवार-रविवारी होतात. तिथे व्याख्यान अपेक्षित नसते, वाचताना अडलेले सोडवायचे असते. विद्यार्थी न वाचता आले की समंत्रक व्याख्यानावर उतरतो आणि चार आठवड्यांत हजेरी ओसरते. संयोजकाची निवड व समंत्रकांचे प्रशिक्षण म्हणूनच छपाईइतके महत्त्वाचे ठरते.

इग्नूनंतर रेड्डी कॅनडात व्हँकूव्हर येथे कॉमनवेल्थ ऑफ लर्निंग या राष्ट्रकुल देशांच्या दूरशिक्षण संस्थेचे उपाध्यक्ष होते. १९९१ ते १९९५ या काळात ते विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष होते. महाविद्यालयांचे मूल्यांकन करणारी नॅक ही संस्था त्याच काळात, १९९४ मध्ये, बंगळूरु येथे सुरू झाली. उस्मानिया विद्यापीठाच्या दूरशिक्षण केंद्राला त्यांचे नाव दिले आहे.

इग्नूच्या कायद्याने त्या विद्यापीठावर देशभरातील मुक्त शिक्षणाला चालना देण्याची व दर्जा राखण्याची जबाबदारीही टाकली होती. रेड्डी इग्नूत असतानाच, १ जुलै १९८९ रोजी, नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झाले. त्याचे पहिले कुलगुरू राम ताकवले पुढे इग्नूचेही कुलगुरू झाले.