खातेप्रमुखांची बैठक

एकाच संस्थेतील निरनिराळ्या खात्यांचे प्रमुख ठरावीक मुदतीने एकत्र बसून आपापली कामे सामाईक धोरणाशी जुळवून घेतात, ती बैठक. एका खात्याच्या निर्णयाने दुसऱ्याचे काम अडते काय, हे पाहणे हा तिचा मुख्य हेतू. नुसती माहिती कळवण्यासाठी भरणारी सभा तिच्यात धरत नाहीत. प्रस्तुत नोंदीत बडोदे (सध्याचे वडोदरा) येथील कारभार विशेष विचारात घेतला आहे.

संज्ञा : ‘बैठक’ हा शब्द बसण्याच्या अर्थाच्या क्रियापदापासून आला असून त्याचे मूळ संस्कृत ‘उपविष्ट’कडे जाते. जुन्या कागदपत्रांत मात्र मसलत आणि खलबत हे शब्द भेटतात. दोन्ही अरबी, फार्सीमार्गे मराठीत आलेले. पहिल्याच्या मुळाशी हिताचा अर्थ आहे, दुसऱ्याच्या मुळाशी एकांताचा. मोजक्यांच्या एकांतातले खलबत आणि सर्व खात्यांना खुली बैठक यांतील अंतर शब्दांतच दिसते.

उगम : या प्रथेचा उगम शिवकालीन अष्टप्रधान मंडळात शोधण्याचा प्रघात आहे. १६७४च्या राज्याभिषेकाच्या वेळी आठ प्रधानांना संस्कृत पदनामे मिळाली हे खरे. पण प्रत्येक प्रधान छत्रपतींना स्वतंत्रपणे जबाबदार होता, संयुक्त जबाबदारी नव्हती. म्हणून त्यास आजच्या अर्थाने मंत्रिमंडळ म्हणणे बहुतेक अभ्यासकांना मान्य नाही, आणि तेच मत अधिक ग्राह्य वाटते. पेशवाईत पुण्याच्या हुजूर दफ्तरातील ‘एल बेरीज’ शाखेत सर्व खात्यांचे हिशेब एकत्र होत; तेथे खाती जुळत ती कागदावर, माणसे समोरासमोर बसवून नव्हे. दुसरा धागा इंग्रजी आहे. लॉर्ड कॅनिंगच्या काळात व्हाइसरॉयच्या कौन्सिलातील प्रत्येक सभासदाकडे एकेक खाते सोपवले गेले. नेहमीची प्रकरणे त्याने निकालात काढावीत, महत्त्वाची तेवढी कौन्सिलपुढे यावीत, अशी वाटणी होती. १८६१च्या कायद्याने तिला आधार मिळाला. संस्थानी कौन्सिलांचा साचा याच पद्धतीशी जवळचा दिसतो.

बडोदे : सयाजीराव गायकवाड (तिसरे) यांना २८ डिसेंबर १८८१ रोजी पूर्ण अधिकार मिळाले. १८८७पासून त्यांच्या युरोपवाऱ्या सुरू झाल्या. धनी परदेशात असताना दिवाण व कौन्सिल यांनी कारभार पाहावा, ही घडी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस व विसाव्याच्या आरंभी बसत गेली. अडचण भाषेची होती. रयतेचा व्यवहार गुजरातीत, राजघराण्याची भाषा मराठी, वरिष्ठांचा पत्रव्यवहार इंग्रजीत. एकाच हुकुमाचा दोन खात्यांनी वेगळा अर्थ लावावा, याला एवढे पुरेसे होते. १९३१ साली निघालेला ‘श्रीसयाजी शासन शब्द कल्पतरु’ या पार्श्वभूमीवर पाहावा लागतो. त्यात कारभारातील संज्ञा इंग्रजी, गुजराती, मराठी, संस्कृत, उर्दू, फार्सी, हिंदी व बंगाली अशा आठ भाषांत दिल्या आहेत. शिवकाळातील राज्यव्यवहारकोशाशी (सु. १६७७) त्याचे नाते उघड आहे, पण त्या कोशाचा भर फार्सी शब्दांना संस्कृत पर्याय देण्यावर होता, तर येथे अनेक भाषांतील प्रतिशब्द शेजारी शेजारी आले.

सिद्धान्त : फ्रेंच खाण-अभियंता आंरी फेयोल याने १९१६मध्ये खातेप्रमुखांच्या साप्ताहिक बैठकीचा पुरस्कार केला. बैठक शक्य नसेल तेथे खात्याखात्यांत दुवा सांधणारा अधिकारी नेमावा, असेही त्याने सुचवले. पुढे पीटर ड्रकरने १९५४मध्ये उद्दिष्टांनुसार व्यवस्थापनाची कल्पना मांडली. जपानी कारखान्यांत धोरण वरून खाली व खालून वर फिरवण्याची पद्धत १९६०च्या दशकात रुळली.

कार्यपद्धती : विषयपत्रिका, गणपूर्ती, इतिवृत्त ही अंगे सर्वपरिचित आहेत. विषयपत्रिका ‘मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे’ येथून सुरू होते आणि ‘अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळी येणारे विषय’ येथे संपते. बैठक लांबते ती बहुधा या शेवटच्या ओळीमुळे, कारण त्या विषयांवर कोणीच टिपण वाचून आलेले नसते. ‘चर्चा करावी’ असा शेरा मारलेली फाइल बैठकीपुढे ठेवताना टिपणात एकच प्रश्न असावा, हा जुन्या कारकुनांचा संकेत उपयुक्त आहे. इतिवृत्तात ‘संबंधित खात्याने पुढील कार्यवाही करावी’ एवढेच लिहिले, तर पुढच्या बैठकीत तोच विषय पुन्हा येतो. खात्याचे नाव, काम व तारीख एका ओळीत लिहिल्यास तो सहसा येत नाही. वडोदऱ्यात मराठी व गुजराती भाषक एकत्र बसतात तेथे ‘नोंद’ या शब्दाशीही जपावे लागते : मराठीत ती मुख्यतः वहीतली नोंद, तर गुजराती ‘नोंध’ म्हणजे टिपणही होते.