डोळे बदलतात तेव्हा

"बघता बघता त्याचे डोळेच बदलले. तो माणूस तो राहिलाच नाही." नार्सिसिस्ट, म्हणजे स्वतःच्याच मोठेपणात गुंतलेल्या आणि सतत कौतुक हवं असणाऱ्या, माणसासोबत वर्षं काढलेल्यांकडून असं वाक्य बरेचदा ऐकायला मिळतं. मग सैतान, बाधा, वशीकरण हे शब्द येतात. त्यांनी सोसलेलं खरंच असतं. पण बाधा म्हटलं की ते नेमकं कशामुळे घडतं, हे पाहायचं राहून जातं.

जेवताना बायको सहज म्हणते, "अहो, मंगळवारी नाही, बुधवारी गेलो होतो आपण." एवढंच. त्याचा जबडा आवळतो, नजर थिजते आणि पुढचा तासभर तिच्या शिक्षणापासून पगारापर्यंत सगळ्याचा उद्धार होतो. बाहेरून कुणी अंगात शिरलेलं नसतं. त्याचा मोठेपणा इतरांच्या कौतुकावर उभा असतो. साधी चूक दाखवली तरी तो डळमळतो. आत दाटलेली लाज सोसवत नाही, ती रागाच्या वाटेने बाहेर पडते.

1998 साली ब्रॅड बुशमन आणि रॉय बाउमाइस्टर या मानसशास्त्रज्ञांनी हे प्रयोगात तपासलं. विद्यार्थ्यांच्या निबंधांवर जहरी शेरे मारले आणि मग एका खेळात त्यांना समोरच्याला कर्कश आवाज ऐकवायची मुभा दिली. नार्सिसिझमच्या चाचणीत वरचे गुण असलेले, शेरे झोंबलेले विद्यार्थी सर्वांत आक्रमक निघाले, पण अपमान करणाऱ्याशीच. तिऱ्हाइतावर त्यांनी तसा राग काढला नाही.

आणि वशीकरण? आज कौतुकाचा वर्षाव, उद्या अबोला, परवा पुन्हा गोडवा. बक्षीस कधी मिळेल याचा नेम नसला की सवय सुटता सुटत नाही, हे मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनरने प्राण्यांवरच्या प्रयोगांत दाखवलं होतं. सोडून जाता न येण्याचं हे एक मोठं कारण आहे. त्यात त्या व्यक्तीचा दुबळेपणा शोधू नये.

अर्थात प्रत्येक बढाईखोर माणूस रुग्ण नसतो. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या निदानाच्या नियमावलीत (DSM) नार्सिसिस्टिक व्यक्तिमत्त्व विकार 1980 साली आला. आज तिच्यातल्या 9 लक्षणांपैकी किमान 5 लागतात, तीही दीर्घकाळ आणि आयुष्याच्या अनेक अंगांत. निदान तज्ज्ञानेच करायचं. (याला 'स्वमग्न' म्हणू नका, तो शब्द ऑटिझमसाठी वापरतात.)

हा स्वभाव घडण्यात आनुवंशिकतेचा वाटा असतो, तसा घराचाही. 2015 मध्ये नेदरलँड्समधल्या 7 ते 11 वर्षांच्या मुलांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. 'आमचं मूल इतरांपेक्षा वरचढ' असं मानणाऱ्या आईवडिलांच्या मुलांमध्ये पुढे नार्सिसिझम वाढलेला दिसला. ज्यांना घरी नुसती माया मिळाली, त्यांचा स्वतःविषयीचा आदर वाढला, नार्सिसिझम नाही.